आईच्या वारीसाठी घड्याळ हवंय : साधं, पण तीन आठवडे चार्ज न करता चालणारं

मंडळी, मदत हवी आहे.

आई (वय ६३) गेली चार वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालते. फोन असतो, पण खांद्यावरच्या पिशवीत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला. टाळ-मृदंगाच्या गजरात रिंग ऐकू येणं शक्यच नाही. मागच्या वर्षी दिवे घाटाच्या दिवशी मी सकाळपासून अकरा वेळा फोन केला, तिने तो रात्री सासवडला पोचल्यावर पाहिला. वर मलाच म्हणाली, "अगं, वाजलाच नाही." म्हणून मनगटावर थरथरणारं काहीतरी हवंय. कुणाचा फोन आहे ते दिसावं, वेळ दिसावी, पावलं मोजली जावीत. (पावलं दिंडीतल्या मैत्रिणींना दाखवायला.)

अडचण चार्जिंगची. मुक्कामाला राहुटीत एक एक्स्टेंशन बोर्ड आणि त्यावर तुटून पडलेले तीस-चाळीस फोन. फोनसाठी पॉवर बँक दिली आहे, पण घड्याळाचं ते चुंबकाने चिकटणारं वेगळं चार्जर ती पहिल्याच मुक्कामाला हरवणार. हीच बाई लग्नातल्या एचएमटीला वर्षानुवर्षं रोज सकाळी चावी द्यायची, कधी विसरली नाही. चार्जरचं नाव काढलं की मात्र कपाळाला आठ्या.

एक प्रयोग फसलाय. ब्लूटूथ कॉलिंगवालं स्वस्तातलं गोल घड्याळ दिलं होतं. खोक्यावर दहा दिवस, प्रत्यक्षात चौथ्या दिवशी बंद. कॉलिंग चालू असेल तर ते दहा दिवस धरायचेच नसतात हे नंतर कळलं. उन्हात स्क्रीन दिसेना, आणि पाऊस सुरू झाला की थेंबांनीच ती इकडेतिकडे सरकायची. एकदा तर परस्पर गावच्या सरपंचांना फोन लागला!

आतापर्यंत पाहिलेली घड्याळं :

गार्मिन इन्स्टिंक्ट २ : पाच बटणं, टच नाहीच, उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसणारी स्क्रीन, कंपनीचा दावा २८ दिवसांचा. सगळं मनासारखं. पण किंमत कळली तर आई ते कपाटात ठेवून वारीला जाईल.

शाओमी स्मार्ट बँड ९ : खिशाला परवडतो. कंपनी २१ दिवस सांगते, स्क्रीन सतत चालू ठेवली तर ९. पण बटण नाही, सगळा कारभार टचवर, आणि ओल्या हातांनी काय होतं ते वर लिहिलंच आहे.

अमेझफिटचं जुनं बिप : ४५ दिवसांचा दावा, स्क्रीन उन्हात वाचता येणारी. पण २०१८ च्या सुमाराचं मॉडेल. आज मिळालंच तर पडून राहिलेला माल असणार, बॅटरी आतल्या आत म्हातारी झालेली.

आणखी एक, आईच्या फोनमध्ये सगळी नावं मराठीत आहेत. ती घड्याळावर नीट दिसतात की नुसते चौकोन?

प्रतिसाद १
कॅसिओ एफ-९१डब्ल्यू घ्या. सात वर्षं सेल बदलायला नको. राम कृष्ण हरी.

धागाकर्ती
दादा, ते थरथरत नाही हो. तोच तर मुद्दा आहे.

प्रतिसाद २
ताई, तुम्ही टचला उगाच घाबरताय. फोन आला की आईंना घड्याळाला हातच लावायचा नाहीये, पिशवीतून फोन काढायचा आहे. मग बँड ९ चालेल. ऑक्सिजन, ताण, झोप यांची मोजणी बंद करा. हात उचलल्यावर स्क्रीन उजळते, तेही बंद. सूचना फक्त कॉलच्या ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप चालू राहिलं तर फॅमिली ग्रुपच बॅटरी खाईल, प्रत्येक सुप्रभातला मोटर थरथरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं फोनमध्ये आहे : बँडच्या अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळा. नाहीतर फोन ते अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो आणि मनगटावर काही येतच नाही. लोक दोष घड्याळाला देतात.

धागाकर्ती
हे डोक्यातच आलं नव्हतं. बँड घेते आणि आधी तीन आठवडे घरीच, बाजारहाट नि भजनी मंडळात वापरायला लावते. बॅटरी किती दिवस पुरली ते इथेच लिहीन. मराठी नावांचं मात्र कुणीतरी सांगा ना, वापरणारं आहे का कुणी?