इंटर्नला थेट मुलाखतीला पाठवावं का?
अत्याचाराच्या घटना नोंदवणाऱ्या संस्थेत सहा आठवड्यांसाठी आलेल्या इंटर्नला पीडितांच्या मुलाखती घ्यायला लावावं का, या प्रश्नावर माझं मत: पहिले दोन आठवडे नकोच. आधी जुन्या नोंदींवरून घटनाक्रम लावायला द्या. स्वतः पाहिलेलं आणि नुसतं ऐकलेलं वेगळं काढायची सवय तिथेच लागते. पुढेही प्रश्न अनुभवी कार्यकर्त्याने विचारायचे, इंटर्नने टिपणं घ्यायची. तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली की माणूस खचतो. वहीत पीडिताचं नाव नाही, फक्त संकेतांक. नाव आणि संकेतांक जुळवणारी यादी वेगळ्या कुलपात. घोळ मोबाइलमुळे होतो: फोटोत ठिकाणाची नोंद साठते आणि मूळ फाइल पाठवली की तीही सोबत जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद! शेवटचे चार दिवस काम हवाली करायला ठेवा, नाहीतर अर्धवट फाइलींचा पत्ता कुणालाच लागत नाही.