तयारीचा कुठला सीन डोक्यातून जात नाही, आणि कशामुळे?

सोळाशे_मीटर:
नमस्कार मंडळी. आम्ही गल्लीतली पोरं पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा, मिळून ५० मार्कांचं मैदान. पहाटे अंधारात होम मैदानावर जमायचं आणि ऊन चढायच्या आत घर गाठायचं, कारण सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

आमच्यातल्या एकानं पहिल्यापासून मोबाईलवर सगळं शूट करून ठेवलंय. त्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करून गणपतीत मंडळाच्या पडद्यावर लावायचा विचार आहे. मी एकदा जोडून बघितला. स्लो मोशन टाकलं, ढोल टाकला, आणि ते जिमच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं. आमच्यात ज्यानं सगळ्यात जास्त कष्ट घेतले तो त्यात कुठं दिसतच नाही.

म्हणून विचारतो. ॲक्शन सिनेमात हिरो तयारी करतो ते सीन तुम्हाला कुठले आठवतात? नुसती नावं नकोत. तो सीन कशामुळे डोक्यात बसला ते सांगा, मी एकेक बघणार आहे.

विजापूर_रोड:
रॉकी या बॉक्सरवरच्या सिनेमांचा चौथा भाग, १९८५. रशियाचा तो उंच बॉक्सर मशीनवर, अंगाला वायरी लावून, इंजेक्शन घेऊन तयारी करतोय. इकडे रॉकी बर्फात लाकडं फोडतोय, दगड उचलतोय, घसरगाडी ओढतोय. एक शॉट तिकडचा, एक इकडचा. शेवटी डोंगरावर चढून तो ओरडतो. मी शाळेत असताना हा सीन बघून गल्लीत दगड उचलायला लागलो होतो. अजूनही लागला की चॅनेल बदलत नाही.

नवीपेठ_एडिटिंग:
भावा, मी लग्नाचे व्हिडिओ कापतो. आयुष्य त्यातच गेलं, त्यामुळे तुझा प्रश्न मी सोडू शकत नाही. जरा लांबण लागेल.

सगळे रॉकीच्या पायऱ्यांचा सीन सांगतील. बरोबरच आहे, पण तू सुरुवात त्याच्या आधीपासून कर. १९७६ चा पहिला भाग लाव. पहाटे चारला तो उठतो, पाच कच्ची अंडी ग्लासात फोडून पितो आणि अंधारात पळायला निघतो. रस्ते रिकामे, थंडी. पळत पळत फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या त्या ७२ पायऱ्यांपाशी येतो, कसाबसा वर चढतो, बरगडीखाली हात दाबून धरतो आणि तसाच लंगडत खाली उतरतो. तिथं जोशाचं संगीत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. माणूस दमलाय एवढंच दिसतं.

मग पिक्चर पुढं जातो. मांस लटकवलेलं शीतगृह, प्रेम, भांडणं. बऱ्याच वेळानं तो प्रसिद्ध तुकडा येतो. रेल्वेच्या रुळांकडेनं, बाजारातनं, एका हातावरचे जोर, मग धक्क्यावर उभ्या जहाजाच्या बाजूनं तो पळतो आणि पळता पळता वेग वाढवतच नेतो. आणि शेवटी त्याच पायऱ्या. आता तो वर पोचतो आणि हात उंचावतो. आपल्या अंगावर काटा येतो तो कशानं? त्याच पायऱ्यांवर त्याला आपण आधी दमलेला बघितलाय म्हणून. ती आधीची पहाट कापून टाकली असती, तर वरती हात उंचावणारा माणूस आपल्याला कुणीच लागत नव्हता. त्या पिक्चरला संकलनाचं ऑस्कर मिळालंय आणि माझ्या मते त्यातलं निम्मं श्रेय त्या पहिल्या पहाटेला आहे.

अजून एक. त्या पायऱ्यांवरनं कॅमेरा त्याच्याबरोबर जातो आणि हिसके बसत नाहीत. तो स्टेडीकॅम, त्या काळी अगदी नवा. तो बनवणारा गॅरेट ब्राऊन फिलाडेल्फियाचाच. कॅमेरा दाखवायला म्हणून त्यानं आपल्या मैत्रिणीला त्याच पायऱ्यांवरनं पळवून एक नमुना शूट केला होता. दिग्दर्शक जॉन ॲव्हिल्डसननं तो बघितला आणि या पायऱ्या कुठं आहेत असं विचारलं. यंत्राचा नमुना दाखवताना जागा सापडली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण आमच्या कामातही चांगली फ्रेम अशीच कुठंतरी हाताला लागते.

आणि त्या पळण्यावरचं संगीतकार बिल काँटीचं गाणं ऐक. शब्द अगदी मोजके. आम्ही लग्नात भरगच्च शब्दांचं गाणं टाकलं की लोक गाणं ऐकतात, नवरीचं तोंड बघतच नाहीत. तयारीच्या सीनला वाद्यं पुरतात.

आता विजापूर रोडवाले भाऊ, तुमचा चौथा भाग. कापणी म्हणून ते काम कडक आहे. तिकडं मशीनचा झटका, इकडं कुऱ्हाडीचा घाव, ताल जुळवलाय. पण मला त्यात बर्फ आठवतं, माणूस तेवढा आठवत नाही. रशियात पोचल्यापासून तयारीत तो कुठंच अडत नाही. जे उचलायचं ते उचलतो, जिथं चढायचं तिथं चढतो. पहिल्या भागातला कळवळलेला माणूस तिथं नाही.

पहिल्या रॉकीपेक्षा वरचढ मी एकच मानतो, ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’, १९७८, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा. गॉर्डन लिऊ हिरो, लाऊ कार-लेऊंग दिग्दर्शक. तिथं तयारी दोन मिनिटांत उरकत नाही, पिक्चरचा मधला सगळा भाग तयारीच आहे. शाओलिन मठात कुंगफू शिकायची ३५ दालनं. हा पोरगा घाईनं सगळ्यात वरच्या दालनात जातो, तिथं त्याचं काही चालत नाही, मग सगळ्यात खालच्यापासून सुरू करतो. ते खालचं दालन म्हणजे जेवणघराच्या वाटेवरचं पाणी. पाण्यावर तरंगती लाकडं. त्यावर पाय देऊन पलीकडं गेलास तर जेवण, नाहीतर पाण्यात. तो पडतो. ओल्या कपड्यांनी परत येतो. परत पडतो. पुढं पाण्याच्या बादल्या हात बाजूला ताणून वर न्यायच्या, आणि दंडाला आतल्या बाजूनं सुऱ्या बांधलेल्या. हात जरा खाली आला की पातं बरगडीत. त्यात कुणी भाषण देत नाही. शरीरच सांगतं काय चाललंय.

तिथं दिग्दर्शकानं एक नियम पाळलाय. प्रत्येक दालनात एकच गोष्ट शिकायची आणि ती शिकल्याचं आपल्याला डोळ्यानं दिसलं पाहिजे. म्हणून शेवटी तो लढतो तेव्हा आपला विश्वास बसलेला असतो. दोन तलवारी चालवणाऱ्या ज्येष्ठाकडनं तो हरतो तेव्हाही तसंच. हरल्यावर बांबूच्या बनात जाऊन तीन तुकड्यांची काठी शोधून काढतो आणि परत येतो.

तर तुझ्या व्हिडिओचं. तुमच्या पोरानं पहिल्यापासून शूट केलंय म्हणतोस. त्यात कुणीतरी मधेच थांबलेला असणार, गुडघ्यावर हात ठेवून. तो तुकडा शोध. त्याला स्लो मोशन लावू नको, ढोल लावू नको, त्याच्या श्वासाचा आवाज आहे तसा ठेव. मग मैदानाचा तोच कोपरा, तसाच कोन, नंतरच्या दिवसांतला. मधल्या वेळात जमेल तेवढं टाक. ढोल पाहिजेच असेल तर दुसऱ्यांदा त्या कोपऱ्यावर आल्यावर वाजव.

मागावरची_लेक:
काकांनी ॲव्हिल्डसनचं नाव घेतलं म्हणून लिहिते. त्यांनीच १९८४ मध्ये ‘द कराटे किड’ केला, संगीतही बिल काँटींचंच. तिथं मियागी नावाचे कराटेचे गुरू एका पोराकडनं गाड्या पुसून घेतात, फरशी घासून घेतात, कुंपण रंगवून घेतात. पोरगा चिडतो, तुम्ही मला नोकरासारखं राबवताय म्हणतो. मग मियागी ठोसा मारतात आणि त्याचा हात आपोआप वर येतो, कारण पुसता पुसता तोच हात तयार झालेला असतो.

मी पूर्व भागातली, घरात यंत्रमाग. लहानपणी शाळेतनं आलं की कांड्या भरायच्या. अप्पांनी कधी बसवून काही शिकवलं नाही. पण मागाच्या आवाजावरनं धागा तुटला हे मला आतल्या खोलीत कळायचं, अजून कळतं. म्हणून तो सीन बघताना मला रडू येतं. अमेरिकेतल्या पोराला जे शेवटी कळलं ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीच्या हातात आहे, आणि त्याला कुणी कौशल्य म्हणत नाही.

तुमच्या व्हिडिओत पळण्याच्या आधीचं पण टाका. तुमच्यातला कुणी पहाटे दूध टाकून येत असेल, कुणी रात्रपाळी करून. ते पायसुद्धा तिथंच तयार झालेत.

लाल_माती:
तालमीत वाढलेला माणूस आहे, दोन शब्द बोलतो.

‘दंगल’ (२०१६) घ्या. पोरींना पहाटे उठवणं, केस कापणं, शेतात आखाडा खणणं, गाण्याबरोबर सगळं येतं आणि चांगलं येतं. मला पटलं ते वेगळंच. मॅट मिळत नाही तर बाप गाद्या टाकून त्यावर सराव घेतो. आणि पाच गुणांचा डाव शिकवताना तो किती अवघड आहे हे आधी सांगून ठेवलंय, म्हणून फायनलच्या शेवटच्या क्षणी तो डाव लागतो तेव्हा थिएटर उठून उभं राहिलं. तयारीत दाखवलेलं लढतीत वापरलं गेलं पाहिजे. जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर’ (१९७८) पण बघा. उलटं टांगून खालच्या बादलीतलं पाणी छोट्या कपांनी वरच्या बादलीत भरायला लावतात. ते करून बघितलेल्या माणसाला पोटाचं काय होतं ते ठाऊक आहे.

पण सगळ्या पिक्चरमध्ये एक गोष्ट नसते, ती म्हणजे आराम. आमच्याकडं पोरगं आलं की आधी माती उकरायला फावडं हातात. मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालायचं, ती मऊ ठेवायची. मग जोर, बैठका, सपाट्या. त्यानंतर खुराक, थंडाई, अंगाला मालिश आणि झोप. वस्ताद झोपेवर जेवढे ओरडायचे तेवढे जोरांवर ओरडायचे नाहीत. पिक्चर बघून पोरं रोज फुल्ल पळतात आणि नडगी धरून बसतात. भरतीच्या तोंडावर असं झालेली पोरं मी बघितलीत. तुमच्या व्हिडिओत एक झोपलेला पोरगा दाखवा. मी मनापासून सांगतोय.

सोळाशे_मीटर:
वस्ताद, झोपलेल्याचा फोटो आहे, टाकतोच. ताई, आमच्यातले दोघं खरंच पहाटे आधी पेपर टाकून येतात, ते मला सुचलंच नव्हतं.

काका, तुम्ही म्हणता तो तुकडा सापडला. तिसऱ्या राउंडला एक जण बसलाय, त्याला उलटी होतेय. आज तोच आमच्यात सगळ्यात पुढं असतो. पण तो म्हणतो पडद्यावर लावू नको, गल्लीत आई बघेल.

नवीपेठ_एडिटिंग:
मग लावायचा नाही. त्याचा देह आहे, त्याचा शब्द शेवटचा. लग्नातसुद्धा नवरीनं एखादा तुकडा नको म्हटलं की मी विचारत बसत नाही, काढतो.

पण पर्याय आहे. उलटीचा शॉट सोड. तो उठून परत चालायला लागतो ते आहे का? नसेल तर राउंड पूर्ण करणाऱ्या बाकीच्यांचे पाय आणि त्याची रिकामी लेन. तेवढ्यानं कळतं. किंवा स्टॉपवॉचची वही असेल तर तिचं पान, तारखेसकट, त्याच्याच अक्षरात. ‘भाग मिल्खा भाग’मध्ये मिल्खासमोर विश्वविक्रमाची वेळ असते ना, तसंच तुमच्या पोरांसमोर रोजची वेळ आहे. आकडा खाली येताना दिसला तरी काम होतं. त्याला एकदा कापलेला व्हिडिओ दाखव, मगच मंडळात दे.

सोळाशे_मीटर:
वही आहे. पावसात भिजलेली आहे पण आकडे दिसतात. आणि त्याला आत्ता विचारलं, उठून चालायला लागतो तेवढं लाव म्हणाला.

नवीपेठ_एडिटिंग:
छान. मग रविवारी दुपारनंतर ये, सकाळी मला एका लग्नाचं काम आहे. क्लिपा पेन ड्राइव्हवर मूळ आहेत तशा आण. व्हॉट्सॲपवरनं पाठवू नको, त्यात चित्र पार मरतं आणि मंडळाच्या मोठ्या पडद्यावर नुसते ठोकळे दिसतील. वहीचे फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी काढ.