मदत हवी आहे: साठीपुढच्या मंडळींसाठी सोपं लिनक्स तयार करायचंय, सेटिंग्ज टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी नेरुळला राहते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून सोसायटीतले जुने डेस्कटॉप एकेक करून माझ्या हॉलमध्ये मुक्कामाला येताहेत. बहुतेक चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम. टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्नच मिटला. पण मशीन ठणठणीत आहेत, एसएसडी टाकली की पळतात.

लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती नक्की केली आहे. गरजा ठरलेल्या: वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सातबारा, नातवंडांशी व्हिडिओ कॉल आणि सोसायटीचं इतिवृत्त मराठीत टाइप करणं. मोठी अक्षरं, पाच-सहा ठसठशीत आयकॉन, खाली भाषा बदलायचं बटण, बास. जाधवकाकूंना मेन्यू उघडायची वेळच येऊ नये.

अडलंय ते इथे. मिंटच्या बूट मेन्यूतून ओईएम इन्स्टॉल (दुसऱ्याला द्यायचं मशीन आधी तयार करून ठेवायची पद्धत) केलं, सगळं मनासारखं सजवलं. मशीन सुपूर्त करायच्या आयकॉनवर क्लिक करून रीस्टार्ट केलं, नवीन युजर बनवला, आणि समोर कोरा करकरीत डेस्कटॉप! सॉफ्टवेअर, फाँट जागेवर आहेत, पण पॅनल (आयकॉनची पट्टी), अक्षरांचा आकार, मराठी कीबोर्ड सगळं गायब. दर मशीनला हे नव्याने करत बसायचं का? क्युबिक वापरून स्वतःचा आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) बनवू, की क्लोनझिलाने तयार डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) घेऊ?

खाडीपलीकडचा:
ताई, ओईएममध्ये तुम्ही सजवता ते तात्पुरतं खातं, नंतर ते उडतंच. मुळात तुम्हाला ओईएम नकोच. ते दुकानदारासाठी, गिऱ्हाईक घरी जाऊन खातं उघडतं म्हणून. इथे खातं तुम्हीच उघडून देणार. शिवाय ओईएमचा पहिला युजर अ‍ॅडमिन होतो, ते काकूंच्या हाती कशाला?

साधं इन्स्टॉल करा, अ‍ॅडमिन तुम्ही. एक नमुना युजर सजवा आणि त्याच्या .config मधलं xfce4 फोल्डर /etc/skel/.config मध्ये टाका. यापुढे बनणारा प्रत्येक युजर तिथूनच कपडे घालून येतो. आयबसची (भाषा बदलून टाइप करायच्या प्रोग्रामची) सेटिंग्ज .config मधल्याच dconf फोल्डरमध्ये असतात, तेही न्या. अख्खं होम फोल्डर मात्र ओतू नका, ब्राउझरचं प्रोफाइल सोबत जातं. बुकमार्क फायरफॉक्सच्या policies.json या सेटिंगच्या फाइलमधून द्या.

आयकॉन डेस्कटॉपवर न ठेवता पॅनलवर ठेवा. डेस्कटॉपवरच्या लाँचरला एक्सएफसीई ‘यावर विश्वास ठेवायचा का’ विचारतं, आणि काका लगेच फोन करतात.

टर्मिनलवाला_ठाणे:
क्युबिकच्या नादी लागू नका, मिंटची नवी आवृत्ती आली की पुन्हा सगळं करा. क्लोनझिला पुरे. फक्त इमेज घ्यायच्या आधी /etc/machine-id रिकामी करा (फाइल राहू दे, आतला मजकूर काढा), नाहीतर सगळ्या मशीनची ओळख एकच. होस्टनेम (मशीनचं नेटवर्कवरचं नाव) नंतर बदला. टाइमशिफ्ट (बिघडलं तर सिस्टिम मागच्या स्थितीत नेणारं साधन) आणि आपोआप अपडेट दोन्ही चालू ठेवा.

धागाकर्ती:
/etc/skel ची युक्ती चालली! अक्षरं मोठीच आली. आता इन्स्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाण कळरचना) नको, गमभनच (इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करायची पद्धत) हवं म्हणून दोन काका अडून बसलेत. आयबसमध्ये मिळेल?

खाडीपलीकडचा:
मिळेल. ibus-m17n हे पॅकेज टाका, लॉगआउट-लॉगइन करा आणि मराठीखाली शोधा.