मदत हवी आहे: न्युरेक्सिनच्या पीसीआरमध्ये तिसरा बँड
मंडळी, बडोद्यात एमएस्सीचं डिझर्टेशन करतेय. झेनोपस लेव्हिस या बेडकाच्या भ्रूणात न्युरेक्सिनची (चेतापेशींच्या जोडणीतलं प्रथिन) एसएस4 ही स्प्लायसिंगची जागा बघायचीये, म्हणजे आरएनए जोडला जाताना तिथला 90 बेसचा एक्झॉन (जनुकाचा तुकडा) आत राहतो की गळतो. पीसीआरचे (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) प्राइमर, म्हणजे प्रत सुरू करणारे छोटे तुकडे, दोन्ही बाजूंच्या एक्झॉनवर आहेत; एक्झॉनसकट तुकडा 310 बेसचा, नसेल तर 220. वाढीच्या स्टेज 28 आणि 35 ला जेलवर दोन्ही बँड छान येतात पण वर 370 च्या आसपास एक पुसट तिसरा पण येतो, आणि तोच डोकं खातोय.

जीनोमिक डीएनए काढायला डीएनेझ दिलाय, आरटी (आरएनएवरून डीएनए करणारं एन्झाइम) नसलेला कंट्रोल स्वच्छ आहे, अ‍ॅनीलिंग 56 ते 62 करून पाहिलं, जेल अडीच टक्के. तिसरा बँड कापून परत पीसीआर केला तर खालचे दोघेच आले! म्हणून हेटेरोड्युप्लेक्स (लांब आणि छोट्या तुकड्याचे धागे एकमेकांना चिकटलेले) वाटतं, पण हा बेडूक गुणसूत्रांच्या चार संचांचा, जनुकाच्या एल आणि एस अशा दोन प्रती, आणि माझे प्राइमर दोन्हींना लागतात (हे आधी बघायला हवं होतं, माहितीये).

आरएनए संपत आलाय, सीडीएनए (आरएनएवरून केलेला डीएनए) 8 मायक्रोलिटर उरलाय, क्लोनिंगला पैसे नाहीत. पीसीआरच्या सायकली 35 वरून 28 करून, हेटेरोड्युप्लेक्स मोडायला ताज्या मिक्समध्ये तीन सायकली द्याव्यात, का आधी एल-एसचे वेगळे प्राइमर मागवावेत?