कॅज्युअल्टीतून घाईने घरी पाठवलं : आधी ग्राहक आयोग की पोलीस ठाणं?

नोंदवही
छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत नेलं. एक ईसीजी काढला, पित्ताचं औषध दिलं, दोन तासांत घरी पाठवलं आणि पहाटे दुसऱ्या रुग्णालयात हार्ट अटॅक निघाला. अशा वेळी नातेवाईक तडक पोलीस ठाणं गाठतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पहिला अर्ज रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आणि पहिली तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करावी. पोलिसांचा विचार त्यानंतर.

रेकॉर्डची घाई का, तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण तीन वर्षं कागद जपून ठेवण्याचं बंधन त्याच नियमांत फक्त आंतररुग्णांसाठी लिहिलंय. कॅज्युअल्टीतून परस्पर घरी पाठवलेला माणूस भरती झालेलाच नसतो, त्यामुळे त्याचे कागद सर्वांत आधी गहाळ होतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात केसपेपर, नर्सिंग चार्ट, ईसीजीची मूळ पट्टी, रक्ततपासणीचे वेळेसकट रिपोर्ट, सीटी स्कॅनची सीडी आणि डिस्चार्जचा कागद यांची नावं एकेक करून लिहा. ‘सर्व कागदपत्रे’ एवढंच लिहिलं की चार पानं हातात पडतात. ईसीजीचा थर्मल कागद हळूहळू पुसट होतो, म्हणून मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते राखून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात हवी.

खर्चाची भीती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कोणत्या आयोगाकडे जायचं हे मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या पैशांवर ठरतं. बिल चार हजारांचं आणि मागणी चाळीस लाखांची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच बसते. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि ती घरी सोडल्याच्या तारखेपासूनच धरा. नंतरची तारीख धरून वाद घालता येतो, पण त्यावर विसंबू नका.

रात्रपाळी
आकस्मिक विभागात काम करणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. तुमच्या पहिल्याच परिच्छेदात निकाल लागून गेला आहे. पहाटे अटॅक निघाला म्हणजे रात्री हयगय झाली, असं कायदाही म्हणत नाही. त्या परिस्थितीत त्याच विषयातल्या साधारण सक्षम डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, एवढाच प्रश्न असतो. निर्णय चुकणं वेगळं, निष्काळजीपणा वेगळा.

छातीत दुखणं कधी सुरू झालं, ही वेळ इथे सगळ्यांत महत्त्वाची. अर्ध्या तासापूर्वी सुरू झालं असेल तर पहिला ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकतो, म्हणून काही तासांनी तो पुन्हा करायचा असतो. तो न करता सोडलं असेल तर तुमचं म्हणणं मला मान्य. पण दुखणं आदल्या दिवसापासूनचं असेल, ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही स्वच्छ असतील आणि परत कधी यायचं हे लिहून दिलं असेल, तर तो डिस्चार्ज योग्यच होता, पुढे काहीही घडो. दाव्याच्या धास्तीने प्रत्येकाला रात्रभर ठेवलं तर खाटा अडतात आणि खरा अत्यवस्थ रुग्ण ट्रॉलीवर ताटकळतो. हे नुकसान कुठल्याच आयोगासमोर येत नाही.

नोंदवही
रात्रपाळी, वेळेचा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी पक्षकाराला आधी परिणाम बाजूला ठेवायला सांगतो आणि घरी सोडण्याआधीची शेवटची तासाभराची नोंद काढायला लावतो. नाडी, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजन. रुग्ण आला तेव्हा नाडी १३० आणि ताप होता, पॅरासिटामॉल दिलं, आणि सोडताना नाडी पुन्हा मोजल्याची नोंदच नाही, असे चार्ट असतात. तिथे बचाव फार अवघड होतो. डोक्याला मार लागलेला रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, हे विचारल्याची नोंद नसणंही त्याच जातीचं.

दावे बुडतात ते मात्र दुसऱ्याच ठिकाणी, कार्यकारणभावावर. नातेवाईक एखाद्या डॉक्टरचं पत्र आणतात आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘रुग्णाला भरती करता आलं असतं.’ याचा काडीचा उपयोग नाही. अमुक वाजता अमुक लक्षणं असताना कोणती तपासणी व्हायला हवी होती, ती झाली असती तर कोणता उपचार किती वाजता सुरू झाला असता, आणि त्याने नेमकं कोणतं नुकसान टळलं असतं, या तिन्हींची उत्तरं पत्रात हवीत. तिसरं उत्तर नसेल तर हयगय सिद्ध होऊनही हातात फारसं पडत नाही. मृत्यू झाला असेल आणि शवविच्छेदन झालं नसेल, तर हे तिसरं उत्तर मिळणं जवळजवळ अशक्य. दुःखाच्या त्या घडीला हे सांगणं जड जातं, पण सांगावंच लागतं.

दंडसंहिता
ग्राहक आयोगावर इतका भरवसा मला पटत नाही. कागद रुग्णालयाच्या ताब्यात असतात आणि ते बदलायला एक रात्र पुरते. गुन्हा नोंदला तर पोलीस मूळ कागद जप्त करतात. शिवाय प्रकरण गुंतागुंतीचं आहे, दिवाणी न्यायालयात जा, असा आक्षेप रुग्णालयाचे वकील आयोगात घेतातच. मृत्यू झाला असेल तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, मग ते का सोडायचं?

नोंदवही
गुंतागुंतीचा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच, जे. जे. मर्चंट प्रकरणात, फेटाळला आहे. कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आयोगालाही आहेत. तक्रारीसोबतच मूळ नोंदी सादर करण्याचा अर्ज जोडा. रुग्णालयाला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही.

फौजदारीचं म्हणाल तर २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून साधी हयगय पुरत नाही, ती ढोबळ असावी लागते. तपास अधिकाऱ्याने पुढे जाण्याआधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं असतं. ते मत ‘ढोबळ हयगय नाही’ असं आलं की रुग्णालय तेच पत्र आयोगात दाखवतं. आयोगात त्याहून हलकी कसोटी पुरली असती, पण तुमच्याच प्रकरणात तुमच्याविरुद्धचा कागद तयार झालेला असतो. पोलीस शेवटी म्हणतो ते यासाठी. आणि रुग्ण वाचला असेल तर कलम १०६ लागूच होत नाही.

दंडसंहिता
सरकारी मताचा धोका खरा आहे, तो मी धरला नव्हता. तरी कागदात खाडाखोड दिसत असेल तर मी पोलिसांकडेच जाईन, कारण तो वेगळा गुन्हा आहे. आणि कलम १०६ मध्ये डॉक्टरांसाठीची दोन वर्षांची कमी शिक्षा ‘वैद्यकीय प्रक्रिया करताना’ झालेल्या कृत्यापुरती आहे. तपासणी न करता घरी पाठवणं ही प्रक्रिया कशी?

सरकारी ओपीडी
वरची सगळी चर्चा खासगी रुग्णालयांची चालली आहे. जिथे सर्वांना सगळे उपचार फुकट मिळतात ते रुग्णालय १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार ग्राहक कायद्याखाली येतच नाही. नुसती नाममात्र नोंदणी फी भरल्यानेही येत नाही. काही रुग्णांकडून पैसे घेतले जात असतील, तर मात्र तिथला फुकट उपचार घेणाराही ग्राहक ठरतो, म्हणून आधी तेवढं तपासा. एरवी दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती निकालात सरकारी रुग्णालयाने आकस्मिक उपचार नाकारणं हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग ठरला आणि भरपाईही मिळाली. कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा, उत्तराची मुदत ३० दिवसांची.

परिषद
वैद्यकीय परिषदेचं नाव कुणीच काढलं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नोंदणीकृत डॉक्टरच्या नावाने करावी लागते, रुग्णालयाच्या नव्हे. भरपाई तिथे मिळत नाही, नोंदणी निलंबित होऊ शकते. केसपेपरवर सही कुणाची आणि नोंदणी क्रमांक कोणता, हे आधी पाहा. रात्री ड्युटीवर आयुर्वेदाची पदवी असलेले डॉक्टर असतील तर तक्रार महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे जाते. चुकीच्या दारात सहा-सहा महिने जातात आणि इकडे ग्राहक आयोगाची दोन वर्षं सरत असतात.

रात्रपाळी
डामाबद्दल, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेतलेल्या डिस्चार्जबद्दल, कुणी बोललं नाही, आणि खरा वाद तिथेच होतो. ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत’ अशी सही केली असेल, तर लवकर सोडलं ही तक्रार कशी टिकेल? नातेवाईकांनी नेलं आणि दोष मात्र डॉक्टरचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

नोंदवही
रुग्णाने स्वतः हट्टाने नेलं असेल तर तुमचं बरोबर. पण खाट नाही किंवा आगाऊ रक्कम भरली नाही म्हणून जा म्हणायचं आणि कागद डामाचा पुढे करायचा, हेही होतं. नुसत्या सहीने रुग्णालय मोकळं होत नाही. कोणता धोका, कोणत्या भाषेत, कुणी समजावला, याची नोंद हवी. तशी वेळ आली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘खाट उपलब्ध नाही असे सांगितल्याने नेत आहोत’, वेळ टाका आणि मोबाइलवर फोटो घ्या.

रात्रपाळी
तसं लिहून घ्यायला ड्युटी डॉक्टरची हरकत नसावी. मी त्यात एवढंच घालीन की कुठे पाठवलं आणि तिथे फोन केला का, हेही त्याच कागदावर यायला हवं. रेफर करणाऱ्याने फोन केल्याची वेळ लिहिलेली असेल तर डॉक्टरही वाचतो आणि रुग्णही.