कॅमेरा राहू द्या, आधी आवाज बघा
आपल्या छोट्या धंद्यासाठी यूट्यूबवर व्हिडिओ करायचे तर कॅमेरा कुठला घ्यायचा, यावरच सगळी चर्चा अडकलीये म्हणून लिहितोय. फोनचा कॅमेरा पुरतो हो, व्हिडिओची क्वालिटी १०८०पी वर ठेवा, खिडकीकडे तोंड करून उभे रहा (पाठ केली की चेहरा काळा पडतो) आणि पैसे घालायचेच तर कॉलरला लावायच्या माईकवर घाला, चित्र थोडं डावं असलं तरी लोक बघतात पण आवाज घुमायला लागला की लगेच पुढे सरकतात.

आणि व्हिडिओच्या सुरुवातीला ते गरागरा फिरणारे लोगो, ढॅणढॅण म्युझिक कशाला? समजा शिलाईचं काम आहे, तर अडकलेली चेन कशी सोडवता ते हात जवळून दाखवत डायरेक्ट सुरू करा. टायटल पण गिऱ्हाईक विचारतं तसंच, 'बॅगची चेन अडकते, काय करू?', कारण लोक यूट्यूबवर असंच टाईप करतात. सबटायटल हवेतच, बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. शॉर्ट्स (यूट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ) आता ३ मिनिटांपर्यंत चालतात, म्हणून ३ मिनिटं ताणायलाच पाहिजे असं नाही!

फोन नंबर मात्र व्हिडिओवर छापू नका, डिस्क्रिप्शनमध्ये (व्हिडिओखालच्या माहितीत) टाका, तिथे नंतर बदलता येतो, यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाईल बदलता येत नाही.