अनुदानित कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे कॉलेजने जाहीर करायला नको का?

समीर_धुळे (धागाकर्ता)
प्रवेशाच्या वेळी कॉलेज फी सांगतं, नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, श्रेणी सांगतं. दोन वर्षांपूर्वी बीए-बीएस्सी झालेली मुलं आज काय करतात, किती कमावतात, हे मात्र कुणी सांगत नाही. प्राध्यापकांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात, तेव्हा हा हिशेब लोकांना मिळालाच पाहिजे. २०२४च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. शिपायाला बारावी पुरते, तरी रांगेत पदवीधर उभे असतात. कुठल्या कॉलेजची किती मुलं त्या रांगेत आहेत, हे पालकांना कळू द्या.

प्राध्यापक_निवृत्त
समीर, तळमळ पटते, उपाय पटत नाही. नंदुरबारच्या कॉलेजची तुलना पुण्याच्या कॉलेजशी होणार. तिथे कारखानाच नाही, तर पगार कुठून येणार? आकडा कमी दिसला की प्रवेश घटतील, तुकडी बंद पडेल, आणि घरातली शिकणारी पहिलीच मुलगी बारावीवर थांबेल. आधीच कायम पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या, माणसांवर वर्ग चालतात. त्यांच्यावर हे ओझं कशाला?

मेघना_क
माहिती मिळतेच की. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलांना नोकरी लागली, पगाराचा मध्यक (सगळे पगार क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती, किती जण पुढे शिकायला गेले, हे सगळं भरावं लागतं आणि स्वतःच्या संकेतस्थळावरही टाकावं लागतं.

समीर_धुळे
मेघनाताई, तो मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. ३०० पैकी १२ जणांना नोकरी लागली, तर त्या १२ जणांचाच पगार दिसतो. उरलेल्या २८८ जणांचं काय, हाच तर माझा प्रश्न आहे. शिवाय असंख्य ग्रामीण कॉलेजं त्यात उतरतच नाहीत.

कुरकुंभ_शिफ्ट
मी त्या उरलेल्यांतला. बीएस्सी केमिस्ट्री, अनुदानित कॉलेज. एमआयडीसीत ठेकेदारामार्फत लॅबमध्ये आहे, हातात १६ हजार येतात. आधी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पंचायत समितीत होतो, पदवीधराला महिना १० हजार. मुदत संपली, घरी बसलो. कॉलेजने पास झाल्यावर एकदाही फोन केला नाही. सर, आकडा लपवून आमच्या तालुक्यात कारखाना येणार आहे का? मला आधी कळलं असतं, तर मी लॅब उपकरणांचा एखादा कोर्स सोबत केला असता.

प्राध्यापक_निवृत्त
तुझा मुद्दा मला लागला. पण हा आकडा गोळा कोण करणार? कारकून फोन करणार, ज्यांचं बरं चाललंय तेवढेच उचलणार.

मेघना_क
फोन कशाला? ब्रिटनमध्ये करखात्याच्या नोंदी पदवीच्या नोंदींशी जोडतात, नाव न दाखवता. आपल्याकडे पीएफच्या नोंदी आहेत.

वकील_सांगली
पीएफ कायदा साधारणपणे २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागतो. दुकानात हिशेब लिहिणारा बीकॉम, शिकवण्या घेणारी एमए, घरची द्राक्षबाग सांभाळणारा, यांतलं कुणीच त्यात दिसणार नाही. लग्नानंतर घरी असलेली मुलगी 'बेकार' ठरणार की 'अपयशी'? अशा आकड्यावर अनुदान ठरवायला उद्या मंत्रालय मोकळं. माझा ठाम विरोध.

समीर_धुळे
वकीलसाहेब, अनुदान त्याला जोडू नये, हे मान्य. शासन निर्णयात तसं स्पष्ट लिहावं. तुलनाही जिल्ह्यातल्या जिल्ह्यात व्हावी, म्हणजे नंदुरबारवर अन्याय होणार नाही. पण घरी बसलेली मुलगी मोजायचीच नाही, हे मला मान्य नाही. ती शिकली, तिला काम हवं होतं आणि मिळालं नाही, हे कुठेतरी नोंदवलं गेलंच पाहिजे.

वकील_सांगली
शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो. कायद्यात तरतूद करा, मग बोलू.

कुरकुंभ_शिफ्ट
कायदा होईस्तोवर निदान जूनमध्ये, प्रवेश सुरू व्हायच्या आधी, कॉलेजांनी माजी विद्यार्थ्यांना वर्गात बोलवावं. पुण्यात पॅकेज मिळालेला एकच नको, माझ्यासारखे चार जणही हवेत. सुट्टी मिळाली तर मी येतो.